सहावा खेळाडू आणि अठ्ठेचाळीस मिनिटे

बास्केटबॉल संघाच्या बाकाला, म्हणजे मैदानाच्या कडेला बसलेल्या राखीव खेळाडूंच्या फळीला, आज जे महत्त्व आहे ते या खेळाच्या जन्मापासूनचे नाही. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ यांनी तेरा नियमांचा हा खेळ रचला तेव्हा त्यांच्या वर्गात अठरा विद्यार्थी होते आणि नऊ-नऊच्या दोन संघांत सारेच खेळले, त्यामुळे कोणी बाहेर बसण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. 1897 मध्ये संघाची संख्या पाचवर ठरली आणि मग बाक अस्तित्वात आला खरा. परंतु तत्कालीन नियमानुसार एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येता येत नसे, म्हणून बदली खेळाडू उतरवणे हा दुखापतीच्या किंवा फाउलच्या प्रसंगी करावयाचा नाइलाजाचा उपाय होता. महाविद्यालयीन नियमावलीने 1920-21 च्या हंगामात खेळाडूला एकदा आणि 1933-34 मध्ये दोनदा परतण्याची मुभा दिली, आणि 1944-45 मध्ये ही मर्यादा सर्वस्वी काढून टाकून कितीही वेळा बदल करण्यास मान्यता दिली.

या शिथिलतेमागे खेळाच्या वाढत्या वेगाचा मोठा वाटा होता. 1937-38 पर्यंत प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यवर्तुळात नेऊन दोन खेळाडूंमध्ये उसळवला जात असे आणि त्या काही क्षणांत इतरांना दम घेण्याची संधी मिळे. ती पद्धत रद्द झाल्यावर खेळ सलग वाहू लागला आणि पाच माणसांच्या छातीवर पडणारा ताण उघड दिसू लागला. अमर्याद बदलांच्या नियमामुळे प्रशिक्षकाच्या हाती प्रथमच एक असे साधन आले की ज्याच्या आधारे त्याला आपल्या श्रेष्ठ खेळाडूचा दम कुठे खर्च करायचा आणि कुठे राखून ठेवायचा, याचा विचार करता येऊ लागला. बाकाचा खरा इतिहास इथपासून सुरू होतो, आणि तो प्रामुख्याने वाटणीचा इतिहास आहे: मिनिटांची वाटणी, फेकींची वाटणी, मानाची वाटणी आणि पुढे पैशाचीही.

व्यावसायिक बास्केटबॉलच्या आरंभीच्या वर्षांत मात्र हा विचार फारसा रुजला नव्हता. 1946 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1949 पासून एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेत सामना बारा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा असे, आणि त्या काळातील सर्वांत प्रबळ संघ असलेल्या मिनिआपोलिस लेकर्सचा सारा भार जॉर्ज मायकन या उंच सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या मध्यवर्ती खेळाडूवर होता. अशा भाराचे टोक 22 नोव्हेंबर 1950 रोजी दिसले. फोर्ट वेन पिस्टन्सने मायकन यांना रोखण्यासाठी चेंडू नुसता हातात धरून ठेवण्याचा मार्ग पत्करला आणि तो सामना 19-18 असा जिंकला; लेकर्सच्या अठरा गुणांपैकी पंधरा एकट्या मायकन यांचे होते. असे कंटाळवाणे सामने टाळण्यासाठी सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहावरून 1954-55 पासून चोवीस सेकंदांच्या आत फेक करण्याचे बंधन आले. गुणसंख्या एका वर्षात झपाट्याने वाढली, धावपळ वाढली, आणि ताज्या दमाचा माणूस योग्य वेळी आत सोडणे ही चैन न राहता गरज बनली.

ही गरज सर्वांत आधी ओळखणारे प्रशिक्षक म्हणजे 1950 पासून बॉस्टन सेल्टिक्सची धुरा सांभाळणारे रेड ऑरबाक. त्यांची कल्पना ऐकायला साधी, परंतु प्रचलित समजुतीच्या अगदी विरुद्ध होती. सर्वोत्तम पाच जणांनी सामना सुरू करावा आणि उरलेल्यांनी वाट पाहावी, हा सर्वत्र रूढ असलेला क्रम मोडून त्यांनी पहिल्या पाचांच्या तोडीचा एक खेळाडू मुद्दाम बाहेर बसवला, आणि काही मिनिटांनंतर प्रतिस्पर्धी थकू लागला, त्याचे राखीव खेळाडू उतरू लागले, की त्याला आत आणले. यामुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळ जिथे खाली येई नेमका तिथेच सेल्टिक्सचा खेळ वर जाई. केंटकी विद्यापीठातून आलेले फ्रँक रॅमझी हे या भूमिकेचे पहिले मानकरी ठरले आणि 1962 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून आलेल्या जॉन हॅव्हलिचेक यांनी ती पुढे नेली. 'सिक्स्थ मॅन', म्हणजे सहावा खेळाडू, या भूमिकेला प्रतिष्ठा आली ती या दोघांमुळे. सामना कोण सुरू करतो यापेक्षा तो संपताना मैदानावर कोण असतो हे महत्त्वाचे, असे ऑरबाक आपल्या खेळाडूंच्या मनावर बिंबवत असत, आणि अखेरच्या मिनिटांत हे दोघे बहुधा मैदानावर असतच.

ऑरबाक यांचे खरे यश डावपेचापेक्षाही या मानाच्या वाटणीत होते, असे म्हणावे लागते. बाहेर बसणे म्हणजे कमी प्रतीचे असणे, ही भावना कोणत्याही संघाला आतून पोखरू शकते. सेल्टिक्समध्ये मात्र बाहेर बसणारा माणूस हा प्रशिक्षकाचा सर्वांत विश्वासाचा माणूस मानला जाई. 1963-64 च्या हंगामात बहुतेक वेळा बाकावरून उठून येणारे हॅव्हलिचेक हेच संघात सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणारे खेळाडू होते, आणि त्या वर्षीही सेल्टिक्सने विजेतेपद मिळवले. 1957 ते 1969 या तेरा हंगामांत या संघाने अकरा विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी 1959 ते 1966 या काळातील आठ सलग होती, आणि त्या संपूर्ण काळात सेल्टिक्सचा एकही खेळाडू एनबीएच्या गुणांच्या यादीत पहिला आला नाही. बिल रसेल यांच्यासारखा बचावाचा अद्वितीय खेळाडू त्यांच्याकडे होता हे खरे, पण रसेल यांची महत्ता गुणांत मोजता येत नव्हती, आणि त्यामुळे गुण मिळवण्याचे काम सहा-सात जणांत सहजपणे वाटले जाई.

याच काळात गुणांच्या यादीत सलग सात वर्षे पहिले राहिलेले नाव विल्ट चेंबरलेन यांचे होते, आणि तारा व बाक यांच्यातील ताणाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला त्यांच्या कारकिर्दीइतके बोलके साधन दुसरे मिळत नाही. 1961-62 च्या हंगामात फिलाडेल्फिया वॉरियर्सचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी ठरवून सारा खेळ त्यांच्याभोवती उभारला. चेंबरलेन यांनी ऐंशी सामन्यांत 4,029 गुण मिळवले, सरासरी 50.4. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या खेळात त्यांनी सामन्यागणिक सरासरी 48.5 मिनिटे खेळून काढली, कारण बरोबरीनंतरचा जादा वेळही त्यांनी मैदानावरच घालवला, आणि साऱ्या हंगामात ते बाहेर राहिले ती जेमतेम आठ-साडेआठ मिनिटे, तीही पंचांनी त्यांना बाहेर काढल्यामुळे. 2 मार्च 1962 रोजी हर्शी येथे न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यांनी शंभर गुण केले आणि वॉरियर्सने तो सामना 169-147 असा जिंकला. व्यक्तीच्या पराक्रमाचे याहून उंच शिखर या खेळाने पाहिलेले नाही. पण त्या हंगामाचा शेवट सेल्टिक्सविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात 109-107 अशा पराभवाने झाला. दोन गुणांच्या फरकावरून सिद्धांत मांडणे धाडसाचे ठरेल, आणि एकाच माणसावर उभा असलेला संघ त्या सेल्टिक्सच्या इतक्या जवळ पोहोचला ही चेंबरलेन यांचीच थोरवी म्हणावी लागेल. तरीही जो खेळाडू कधीच बाहेर येत नाही त्याच्या संघाला बाहेरच्यांचा उपयोग करण्याची सवयच लागत नाही, हे त्या हंगामाने दाखवले.

पुढे चेंबरलेन फिलाडेल्फियाच्याच, पण वेगळ्या संघात, सेव्हंटीसिक्सर्समध्ये आले आणि 1966-67 मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्यांच्यापुढे एक अवघड प्रस्ताव ठेवला: फेकी कमी कराव्यात आणि चेंडू इतरांना द्यावा. एनबीएच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या गुणवंताने तो मान्य केला. 1961-62 मध्ये सामन्यामागे सुमारे 39.5 वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू फेकणारे चेंबरलेन आता सुमारे 14 वेळाच फेकू लागले. त्यांची गुणांची सरासरी 24.1 वर उतरली, सहकाऱ्याच्या गोलला कारणीभूत ठरलेल्या पासांची, म्हणजे असिस्टची, सरासरी 7.8 वर चढली. हॅल ग्रीअर यांनी 22.1, चेट वॉकर यांनी 19.3 आणि बाकावरून येणाऱ्या बिली कनिंगहॅम या तरुण खेळाडूने 18.5 अशी सरासरी राखली. संघाने 81 पैकी 68 सामने जिंकले, सेल्टिक्सची सलग आठ वर्षांची मालिका तोडली आणि विजेतेपद मिळवले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चेंबरलेन या हंगामातही सामन्यामागे 45 मिनिटांहून अधिक खेळत होते, म्हणजे त्यांनी वाटून दिल्या त्या फेकी, मिनिटे नव्हेत. ताऱ्याने आपला वाटा सोडण्याचे प्रकार एकाहून अधिक असतात आणि प्रत्येक संघाला आपला प्रकार शोधावा लागतो.

चेंबरलेन यांच्या शेजारी खेळलेले दोन खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले आणि दोघांनीही खोल बाक असलेल्या संघांच्या बळावर विजेतेपद मिळवले, या गोष्टीकडे इतिहासलेखकांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. त्यांतील पहिले अ‍ॅल अ‍ॅटल्स. शंभर गुणांच्या त्या रात्री अ‍ॅटल्स यांनी मैदानावरून केलेल्या आठही फेकी बास्केटमध्ये गेल्या, त्यांना मिळालेली एकमेव फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलची मोफत फेकही त्यांनी सोडली नाही, आणि असे त्यांचे सतरा गुण झाले. एकही फेक न चुकलेली ही खेळी शंभराच्या सावलीत नाहीशी झाली. वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले तेव्हा अ‍ॅटल्सही त्यांच्याबरोबर गेले, 1970 मध्ये खेळत असतानाच प्रशिक्षक झाले, आणि 1974-75 मध्ये त्यांनी रिक बॅरी या ताऱ्याला केंद्रस्थानी ठेवूनही दहा-दहा खेळाडूंना नियमितपणे मैदानावर आणणारी पद्धत राबवली. बॅरी सामन्यामागे 30.6 गुण मिळवत होते, आणि तरीही त्या संघाची ओळख एका माणसाचा संघ अशी झाली नाही. हंगामात 48 सामने जिंकणाऱ्या गोल्डन स्टेट वॉरियर्सपुढे अंतिम मालिकेत 60 सामने जिंकणारा वॉशिंग्टन बुलेट्सचा संघ होता आणि जाणकारांचा कौल उघडपणे त्याच्याच बाजूने होता. वॉरियर्सने ती मालिका 4-0 अशी जिंकली. चारपैकी दोन सामन्यांत फरक एकेका गुणाचा होता. अशा निसटत्या सामन्यांत शेवटच्या मिनिटांचा दम निर्णायक ठरतो, आणि तो दम अ‍ॅटल्स यांनी आधीच्या मिनिटांत साठवून ठेवला होता. हर्शीच्या त्या रात्री एका माणसाकडे सारे लक्ष जाते तेव्हा बाकीच्यांचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी बाकीच्यांना विसरले जाऊ दिले नाही.

दुसरे बिली कनिंगहॅम. 1967 च्या विजेत्या संघाचा हा सहावा खेळाडू 1983 मध्ये त्याच सेव्हंटीसिक्सर्सचा प्रशिक्षक होता. मोझेस मलोन आणि ज्युलियस अर्व्हिंग यांच्यासारखे दोन तारे हाताशी असताना त्यांनी बॉबी जोन्स या निष्णात बचावपटूला बाकावरून आणले. योगायोग असा, की एनबीएने सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा वार्षिक पुरस्कार 1982-83 मध्येच सुरू केला आणि त्याचे पहिले मानकरी बॉबी जोन्स ठरले. नियमित हंगामात 65 सामने जिंकून हा संघ बाद फेरीत केवळ एकदा हरला. ऑरबाक यांनी एका संघापुरती रुजवलेली प्रथा अशा रीतीने साऱ्या संघटनेच्या मानमरातबाचा भाग बनली.

त्यानंतरच्या दशकात ही भूमिका अनेक रूपांनी बहरली. बॉस्टनच्या केव्हिन मॅकहेल यांनी 1984 आणि 1985 असा सलग दोनदा हा पुरस्कार मिळवला, आणि 1986 मध्ये तो त्याच संघाच्या बिल वॉल्टन यांना मिळाला, जे 1978 मध्ये साऱ्या एनबीएचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते आणि पायाच्या दुखापतींनी ज्यांची कित्येक वर्षे खाल्ली होती. डेट्रॉइट पिस्टन्सने 1989 आणि 1990 ची विजेतेपदे जिंकली ती आयझाया थॉमस यांच्या नेतृत्वाइतकीच राखीव फळीच्या जोरावर. मैदानावर उतरताच तापत असल्यामुळे 'मायक्रोवेव्ह' हे टोपणनाव मिळालेल्या व्हिनी जॉन्सन यांनी 1990 ची अंतिम मालिका सामना संपायला सेकंदाहूनही कमी वेळ उरला असताना मारलेल्या गोलने संपवली.

मायकेल जॉर्डन यांच्या शिकागो बुल्सचा उल्लेख बाकाच्या इतिहासात सहसा होत नाही, पण तो व्हायला हवा. 20 एप्रिल 1986 रोजी जॉर्डन यांनी सेल्टिक्सविरुद्ध बाद फेरीत 63 गुण केले आणि बुल्स 135-131 असे हरले. चेंबरलेन यांचीच गोष्ट नव्याने घडत असल्यासारखे ते वाटत होते. सहा वर्षांनी, 14 जून 1992 रोजी, पोर्टलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात तीन भाग संपले तेव्हा बुल्स 79-64 असे मागे होते. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी अशा वेळी जॉर्डन यांना बाहेर बसवले आणि स्कॉटी पिपेन यांच्याबरोबर बॉबी हॅन्सन, बी. जे. आर्मस्ट्राँग, स्टेसी किंग आणि स्कॉट विल्यम्स हे चार राखीव खेळाडू उतरवले. त्या चौघांनी पंधरा गुणांची पिछाडी बघता बघता वितळवली, मग विश्रांती घेतलेले जॉर्डन परतले आणि सामना 97-93 असा जिंकून बुल्सने विजेतेपद राखले. जगातील सर्वोत्तम खेळाडूला अंतिम फेरीच्या निर्णायक क्षणी बाहेर ठेवण्याचे धैर्य जितके जॅक्सन यांचे, तितकेच बाहेर बसून सहकाऱ्यांना प्रोत्साहन देणाऱ्या जॉर्डन यांचेही मानले पाहिजे.

एकविसाव्या शतकात मिनिटांची वाटणी हे शास्त्र झाले, आणि त्याचे श्रेय सॅन अँटोनियो स्पर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्याकडे जाते. अर्जेंटिनाला 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून देणारे मानू जिनोबिली यांना त्यांनी वर्षानुवर्षे बाकावरून खेळवले. बाकावर बसणाऱ्याची मनधरणी करावी लागते, हे पॉपोविच जाणून होते, आणि जिनोबिली यांनी आपला मान बाजूला ठेवला नसता तर ही पद्धत टिकली नसती. 2013-14 मध्ये स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांपर्यंत पोहोचली नाही, असे एनबीएच्या इतिहासात पूर्वी कधीच झाले नव्हते. त्या संघाने 62 सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत मायामी हीटला 4-1 असे नमवले. ब्याऐंशी सामन्यांचा हंगाम संपवून जूनमध्ये पोहोचलेल्या थकलेल्या पायांपुढे ताजे पाय किती वेगळे दिसतात हे त्या मालिकेत साऱ्यांना दिसले.

या पद्धतीला विरोध झाला तो खेळाच्या बाजूने नव्हे, बाजाराच्या बाजूने. 29 नोव्हेंबर 2012 रोजी मायामीत होणाऱ्या, देशभर प्रक्षेपित होणाऱ्या सामन्याआधी पॉपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना विश्रांतीसाठी घरी पाठवले, तेव्हा एनबीएने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला. प्रेक्षक ताऱ्यासाठी तिकीट काढतो ही संघटनेची भूमिका गैर म्हणता येत नाही; 2023-24 पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामने खेळण्याची अट घालण्यात आली तीही याच विचारातून. परंतु या अटीमुळे वाटणीचा निर्णय अंशतः प्रशिक्षकाच्या हातून निसटतो. शिवाय बाद फेरीत सामन्यांमध्ये विश्रांतीचे दिवस अधिक असल्याने प्रशिक्षक आपली फळी आठ-नऊ जणांपर्यंत आखडती घेतात आणि तारे चाळीस मिनिटे खेळू लागतात, त्यामुळे खोल बाक हा नियमित हंगामापुरताच गुण आहे असा आक्षेपही घेतला जातो. या आक्षेपात तथ्य आहे, पण अपुरे. आंद्रे इग्वडाला हे 2014-15 पूर्वी नियमित हंगामात एकदाही बाकावरून आले नव्हते. त्या वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्यांना सहावा खेळाडू केले, हंगामात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत घेतले नाही, अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात अचानक सुरुवातीला उतरवले, आणि मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. बाद फेरीत फळी आखडते हे खरे, पण तिच्यात कोणाला ठेवायचे याचे उत्तर हंगामभर बाकाने दिलेले असते.

पैशाची वाटणी हा या इतिहासाचा अलीकडचा, आणि बहुधा सर्वांत कठोर, अध्याय आहे. एका संघाने वेतनावर किती खर्च करावा याची मर्यादा 1984-85 मध्ये प्रथम लागू झाली तेव्हा ती 36 लाख डॉलर होती. आज एकेका ताऱ्याचे वार्षिक वेतन त्याच्या कितीतरी पट असते, आणि एनबीए व खेळाडू यांच्यातील 2023 च्या करारानंतर ठरावीक पातळीपलीकडे खर्च करणाऱ्या संघावर खेळाडू मिळवण्याच्या बाबतीत कडक निर्बंध येतात. त्या वर्षी विजेत्या ठरलेल्या डेन्व्हर नगेट्सने बाकावरचा आपला मोलाचा माणूस ब्रूस ब्राउन लगेच गमावला, कारण इंडियाना पेसर्सने देऊ केलेल्या रकमेच्या जवळपासही जाणे वेतनाच्या नियमांमुळे त्यांना शक्य नव्हते. अशा व्यवस्थेत तारे विकत घेता येतात, बाक मात्र घडवावा लागतो: तरुण, स्वस्त, आणि प्रशिक्षणाने वाढवलेला. 2024-25 मध्ये 68 सामने जिंकून विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरने नेमके हेच केले. त्यांचे शे गिल्जस-अलेक्झांडर सामन्यामागे 32.7 गुणांसह यादीत पहिले आले, पण त्यांना त्यासाठी सरासरी 34 मिनिटेच खेळावे लागले, कारण उरलेला वेळ निर्धास्तपणे सोपवता येईल असे खेळाडू बाकावर होते. अंतिम मालिकेत त्यांच्यासमोर इंडियानाचा, त्या वर्षीचा कदाचित सर्वांत समतोल, संघ उभा होता. सातव्या सामन्याच्या पहिल्याच भागात इंडियानाचे टायरीज हॅलिबर्टन दुखापतीने उरलेल्या सामन्यासाठी बाहेर गेले, तरी टी. जे. मॅकॉनेल आणि इतर राखीव खेळाडूंच्या आधाराने तो संघ मध्यंतराला 48-47 असा पुढे होता. तिसऱ्या भागात मात्र थंडरने वेग वाढवला आणि सामना 103-91 असा जिंकला. एका संघाकडे बाक होता पण तारा उरला नव्हता, दुसऱ्याकडे दोन्ही होते; आणि त्या दुसऱ्या संघातील तरुणांचे करार जसजसे संपतील तसतसे त्यांतील किती जणांना तो राखू शकेल, हे वेतनाच्या त्याच नियमांवर ठरणार आहे.